वहिनींचा दुसरा प्रश्न

नागपूर,
११ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. वहिनींना,
मोहितचा सप्रेम नमस्कार.

आम्ही दोघं इकडे बरे आहोत. रीना दिवाळीनंतर पुन्हा शाळेत शिकवायला जाऊ लागली. सकाळी आता गार वाटतं, त्यामुळे जिममध्ये सहाची बॅच अर्धी झाली आहे. तुमच्याकडे धानाची कापणी कुठवर आली? दादा बांधावर उभा राहून मजुरांवर ओरडत असेल आणि तुम्ही त्याला सावलीत बोलावत असाल, असं डोळ्यांसमोर येतं. त्याला धुळीत जाऊ देऊ नका. मास्क लावतो की खिशातच ठेवतो?

पत्र पाहून तुम्हाला नवल वाटलं असेल. तुमच्या अंगणवाडीच्या पत्त्यावर मुद्दाम पाठवतो आहे. फोनवर मेसेज केला तर तो खुशी सगळ्यांसमोर वाचून दाखवते, आणि घरी पाकीट आलं की दादा आधी फोडतो. हे तुम्ही आधी एकटीनं वाचावं.

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात, "भाऊजी, दोन गोष्टी विचाराच्या होत्या. खुशीले ते क्रिएटिन नावाची पावडर पाहिजे म्हणते. द्याव का नाही? अन् दुसरं, तुम्ही तेच घेत होते ना? त्याच्यानंच तुमच्या किडनीचं तसं झालं का?" मी म्हणालो, जिममध्ये लोक आले आहेत, मग करतो. कोणी आलं नव्हतं. दुपारी बारा ते चार जिम बंद असते. मी बाकावर एकटाच बसलो होतो. आताही तिथेच बसून लिहितो आहे.

आधी पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, ते सोपं आहे.

क्रिएटिन म्हणजे औषध नाही आणि लोक समजतात तसं स्टिरॉइडही नाही. आपल्या अंगात ते थोडं तयार होतं, मटण-मासळीतून थोडं मिळतं. वजन उचलताना, गोळा फेकताना एकदम जोर लागतो ना, त्या काही सेकंदांना ते कामी येतं. खुशीला पोलीस भरतीच्या ग्राउंडवर दोन्ही करायचं आहे. आठशे मीटर धावायचं आणि चार किलोचा गोळाही फेकायचा. दोन्हींची तयारी एकदम केली की एक दुसऱ्याच्या आड येतं. धावून थकलेल्या पायांनी वजन उचललं तर ताकद हवी तशी वाढत नाही. तिथे या पावडरीनं ताकदीला थोडा हातभार लागतो. थोडा, हे लक्षात असू द्या. आठशे मीटरची वेळ पावडरीनं कमी होईल असं मी म्हणणार नाही. उलट अंगात पाणी धरतं, किलोभर वजन वाढतं आणि पहिले काही दिवस धावताना जड वाटतं. रोज एक लहान चमचा, पाच ग्रॅमच्या वर नाही. पोट भरून जेवण आणि झोप नसेल तर ती पावडर न घेतलेली बरी.

धडधाकट माणसानं या मापात घेतली तर किडनी बिघडते असं आजवर काही दिसलेलं नाही. फक्त सुरू करण्याआधी खुशीची रक्ततपासणी करा आणि कुठेही रक्त देताना 'मी क्रिएटिन घेते' हे आधी सांगायला शिकवा.

खुशीचाही फोन आला होता. म्हणाली, "काका, बाबांनी पावडर तं नाहीच, जिमही बंद केली. म्हणतात, त्याच्यानंच तुह्या काकाची किडनी गेली, आता तुही जाऊ देऊ का? बारा दिवस झाले, मी घरीच बसून आहे. तुम्ही सांगा ना त्यांना." मी हो म्हणालो. त्याला सात दिवस झाले. मी सांगितलेलं नाही.

इथपर्यंत लिहून मी खाली जाऊन चहा पिऊन आलो.

वहिनी, त्या पावडरीनं माझ्या किडनीला काही झालं नाही. माझ्या किडनीला कशानंच काही झालेलं नाही. दोन्ही चांगल्या आहेत, तेव्हाही होत्या.

दादाचं डायलिसिस सुरू झालं ते २०२२ चं वर्ष तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आठवड्यातून दोनदा कुहीहून नागपूरला, धंतोलीच्या दवाखान्यात. मे महिन्यात डॉक्टर म्हणाले की घरातलं कोणी किडनी देणारं असेल तर बघा. आईला शुगर होती. तुमचं हिमोग्लोबिन आठ होतं. माझा आणि दादाचा रक्तगट एकच. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "मी देतो दादाले." आई रडली, तुम्ही रडल्या, दादा उठून आत गेला. मला फार बरं वाटलं होतं, वहिनी. बाबा गेले तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. दादानं मला वाढवलं, तुम्ही लग्न होऊन आल्या आणि माझं खाणं-पिणं तुम्ही पाहिलं. त्या सगळ्याच्या बरोबरीचं काहीतरी आपण करतो आहोत असं वाटलं. पण 'देतो' म्हणणं आणि देणं यात किती अंतर आहे, ते मला दवाखान्यात कळलं. तिथल्या व्हरांड्यात एक माणूस पोटाला हात धरून, वाकून, पाऊल पाऊल चालत होता. माझ्याच वयाचा. नर्स म्हणाली, हे दाते आहेत, बहिणीला दिली, आज पाचवा दिवस.

माझी पहिली तपासणी झाली. क्रिएटिनिन १.४ आलं. नाव सारखं आहे म्हणून सांगतो, क्रिएटिन ही पावडर आणि क्रिएटिनिन हा रक्तातला आकडा. किडनी बिघडली की हा आकडा वाढतो. पण पावडर घेणाऱ्याचा, खूप व्यायाम करणाऱ्याचाही किडनी चांगली असताना थोडा वाढलेला दिसतो. जिममध्ये येणाऱ्यांना हे मीच सांगत असतो, रक्त तपासायचं असेल तर महिनाभर आधी पावडर थांबवा म्हणून.

डॉक्टरांनी विचारलं, "काही सप्लिमेंट, पावडर वगैरे घेता का?"

मी म्हणालो, "नाही."

एवढाच शब्द. ते म्हणाले, थोडं जास्त आहे, पंधरा दिवसांनी परत बघू.

त्या पंधरा दिवसांत मी पावडर थांबवली नाही. वाढवली. एक चमचा घेत होतो, चार घ्यायला लागलो. तपासणीच्या आदल्या दिवशी सकाळी अंबाझरीला बारा किलोमीटर धावलो आणि संध्याकाळी पायांचा जबर व्यायाम केला. आकडा १.६ आला. मी ठरवून आणला.

तरीही डॉक्टर नाही म्हणाले नव्हते. ते म्हणाले, "अंगापिंडानं मजबूत माणसात असं दिसू शकतं. किडनीचा एक स्कॅन करू, म्हणजे खरं काय ते कळेल." तारीखही दिली होती. मी गेलो नाही. त्यांच्याकडून दोनदा फोन आला, मी सांगितलं की घरच्यांनी दुसरा दाता ठरवला आहे. आणि घरी येऊन तुम्हाला सांगितलं की माझ्या किडनीत दोष आहे, डॉक्टर नाही म्हणाले. 'नाही' मीच म्हणालो होतो.

कारणं तेव्हा मी स्वतःला बरीच दिली. लग्नाला आठ महिने झाले होते. जिममधली नोकरी अंगावर चालते, तीन महिने कोण सुट्टी देणार? मी बारावीच्या पुढे शिकलो नाही, जे काही कमावलं ते हे शरीर. धावणं आणि वजन उचलणं दोन्ही येणारा ट्रेनर म्हणून रामदासपेठेत लोक माझं नाव घेऊन येतात. हे सगळं खरं होतं, पण कारण हे नव्हतं. मी भ्यालो. त्या टेबलावर झोपायला भ्यालो. आणि 'भ्यालो' म्हणायची लाज वाटली म्हणून आकडा पुढे केला.

त्यानंतर तुम्ही सहा महिने गोळ्या, पालक, गूळ-शेंगदाणे खाऊन रक्त वाढवलं आणि डिसेंबरात तुमची किडनी दिली.

ते सगळं निभावलं, दादा बरा झाला, आणि तेव्हापासून तुम्ही माझी काळजी करता. दर उन्हाळ्यात माझ्यासाठी वेगळे, कमी मिठाचे पापड लाटता. त्यावर चिठ्ठी चिकटवता, 'मोहित भाऊजींचे'. मी ते खातो. मागच्या वर्षी आई गेली, त्या आधी दोन दिवस तिनं रीनाचा हात धरून सांगितलं, "मोहितच्या किडनीकडे ध्यान ठेव वं बाई." ती गेली तेव्हा तिच्या लेखी तिचे दोन्ही मुलगे आजारी होते.

आईच्या तेरवीनंतर मी महिनाभर पावडर थांबवून तपासणी केली. आकडा ०.९ आला. रिपोर्ट सोबत जोडला आहे. रीनाला हे मी या शनिवारी सांगितलं. ती भाजी निवडत होती. सगळी भाजी निवडून झाल्यावर म्हणाली, "मग खुशीला काय उत्तर देणार आहेस?" अजून माझ्याशी फारसं बोलत नाही.

खुशीला घरी बसवून ठेवू नका. तिचं काही चुकलेलं नाही. दादाला सांगायचं ते मी येऊन सांगेन, तुम्ही म्हणाल त्या दिवशी. किंवा तुम्हाला वाटलं तर हे पत्र त्याच्या हातात द्या. माफ करा असं लिहिणार होतो, पण ते लिहिलं की तुम्हाला 'केलं' म्हणावं लागेल. म्हणून लिहीत नाही.

तुमच्याशी खोटं बोललेला,
मोहित


कुही,
२३ नोव्हेंबर २०२५

मोहित भाऊजी,
नमस्कार.

तुमचं पत्र १४ तारखेले, शुक्रवारी भेटलं. सरकारी पाकीट असन असं समजून मी पोरं जेवत असताना उघडलं. वाचलं. मंग वजनं घ्यायची होती ती घेतली. एका लेकराचं वजन दुसऱ्याच्या पानावर लिहिलं. दहा वर्षांत असं झालं नव्हतं. खोडून परत लिहिलं.

पाच दिवस मी कोणाले सांगितलं नाही. माझंच मला ठरत नव्हतं. सहाव्या दिवशी वावरात मळणीची मशीन आली होती. डिझेल संपलं म्हणून ती बंद पडली, मजूर बिडी पिऊन राहिले होते, आणि हे एकटे बसले होते. तिथं मी यांना सांगितलं. पत्र वाचून दाखवलं, सगळं.

हे म्हणाले, "डॉक्टर नाही म्हणलाच नव्हता?"

मी म्हटलं, "नाही."

धानाच्या तणसाची काडी मोडत बसले. मंग म्हणाले, "एवढं भेव वाटून राहिलं होतं त मले काहून नाही सांगितलं त्यानं? मी का त्याले जबरदस्ती केली असती? मीच नाही म्हटलं असतं."

तेवढ्यात डिझेल आलं आणि मशीन चालू झाली. त्या दिवशी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खुशीले म्हणाले, "जाय, ग्राउंडवर जाय. काकाले काही झालं नाही." पोरगी मला विचारते, काकाले काही झालं नाही म्हणजे काय? मी तिला सांगितलं नाही. ते तुम्ही सांगा. तिला तुमच्याबद्दल फार वाटते, म्हणून तुमच्याच तोंडून तिने ऐकावं.

आता माझं. तुम्ही लिहिलं तसं मी माफ केलं असं लिहीत नाही. पण एक समजून घ्या. मी किडनी दिली ती तुमच्या बदल्यात नाही दिली. माझ्या नवऱ्याले दिली. तुमच्या दोन्ही चांगल्या आहेत हे माहीत असतं आणि माझं रक्त तेव्हा बरं असतं तरी मीच पुढं झाली असती. त्याचं ओझं तुम्ही घेऊ नका, ते तुमचं नाही, माझं आहे आणि मला ते जड नाही.

तुमचं ओझं म्हणजे ते सहा महिने. त्यातला एक दिवस तुम्ही पत्रात लिहिला नाही. सप्टेंबरात यांच्या छातीत पाणी भरलं, श्वास लागत नव्हता, तुम्ही नागपूरहून गाडी घेऊन आले आणि तुम्हीच आम्हाला धंतोलीले नेलं. मी मागं यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. उमरेड रोडभर तुम्ही आरशात पाहत होते. मी म्हणत होती, भाऊजी हळू, भाऊजी लवकर. तेव्हा तुमच्या दोन्ही किडन्या चांगल्या होत्या. तेव्हाही तुम्ही नाही बोलले. सगळं लिहिलं तुम्ही, पापड लिहिले, पण हे नाही लिहिलं. माझा राग त्याचा आहे. तो किती दिवस राहीन ते मला माहीत नाही.

सासूबाईंबद्दल मी काही बोलत नाही. त्यांना आता कोण सांगणार?

रीनाला म्हणा, वहिनी तुझ्याशी बोलेल, तुझा काही दोष नाही.

कामाचं लिहिते. खुशीचं ग्राउंड फेब्रुवारीत आहे असं म्हणतात. इथं तिला शिकवणारं कोणी नाही, गोळा फेकायची जागा नाही. पुढच्या रविवारी ती बॅग घेऊन तुमच्याकडे येते. ग्राउंड होईपर्यंत तुमच्याच घरी राहीन. तिची रक्ततपासणी पहिले करा आणि रिपोर्ट मला पाठवा. मला आकडे वाचता येतात. नंतर पावडर द्यायची का नाही ते तुम्ही ठरवा. तुम्हाला त्यातलं समजते हे खरं आहे. पहाटे तिला एकटी पाठवू नका, सोबत धावा.

यांना फोन करू नका. यांना वाटन तेव्हा हेच करतील.

खुशीची आई,
पुष्पलता


नागपूर,
१८ फेब्रुवारी २०२६

ती. सौ. वहिनींना,
मोहितचा नमस्कार.

खुशीनं फोनवर ओरडून सगळं सांगितलंच असेल, तरी मी नीट लिहितो.

आज तिचं ग्राउंड झालं. आठशे मीटर दोन मिनिटं अठ्ठावन्न सेकंद. आली तेव्हा तीन मिनिटं वीस होती. गोळा पाच मीटर सत्तर. आली तेव्हा साडेचारच्या पुढे जात नव्हता. लेखी परीक्षा बाकी आहे, त्यामुळे आताच पेढे नकोत. पण ग्राउंडमध्ये ती मागे नाही.

यातलं पावडरीनं किती झालं ते मी प्रामाणिकपणे सांगू शकत नाही. डिसेंबरात मी एक चूक केली होती, सकाळी धावणं झालं की लगेच वजनं उचलायला लावत होतो, आणि तिचं दोन्ही अडकलं. मग धावणं सकाळी आणि वजनं संध्याकाळी केली, गोळाफेकीच्या आदल्या दिवशी धावणं बंद. त्यानंतर ताकद वाढली. पावडर रोज एक चमचा, तिच्या समोर मोजून. वजन एक किलो वाढलं म्हणून चार दिवस तोंड फुगवून होती. मागच्या महिन्याचा रिपोर्ट तुम्हाला पाठवला आहे, लॅबमध्ये तिनं स्वतःच आधी सांगितलं, "मी क्रिएटिन घेते, लिहून घ्या."

ती आली त्याच आठवड्यात मी तिला सगळं सांगितलं होतं. आम्ही धावून आलो होतो, पायऱ्यांवर बसलो होतो. ऐकून ती म्हणाली, "म्हणजे आईनं किडनी बाबांसाठीच दिली, पण तुम्ही दिली नाही म्हणून दिली." मी म्हटलं, हो. तीन दिवस ती माझ्या दहा पावलं पुढे धावायची, सोबत नाही. चौथ्या दिवशी दम लागला म्हणून थांबली आणि मी पोचलो. मग परत सोबत धावायला लागली. तिनं पुढे कधी विषय काढला नाही.

तुम्ही उमरेड रोडबद्दल लिहिलं होतं. मी ते विसरलो नव्हतो, वहिनी. लिहायला बसलो तेव्हा ते सगळ्यात आधी आठवलं होतं, आणि म्हणूनच लिहिलं नाही. त्या दिवशी आरशात मला दादाचं कपाळ आणि तुमचा हात दिसत होता. वाटेतल्या एका फाट्यापाशी सांगावं असं तोंडापर्यंत आलं होतं. मी गाडीचा वेग वाढवला.

आता आजचं. दादाला तुम्ही पाठवलं की तो आपणहून आला, मला माहीत नाही. पालकांना ग्राउंडच्या आत सोडत नव्हते. मी कुंपणाबाहेर झाडाखाली उभा होतो, आणि मागून आवाज आला, "किती आलं?"

मास्क लावलेला होता, म्हणून क्षणभर ओळखलं नाही. मी म्हटलं, "दोन अठ्ठावन्न."

"चांगलं हाय का ते?"

"चांगलं आहे."

मग आम्ही दोघं उभे राहिलो. साडेतीन महिन्यांनी भेटत होतो आणि खुशीच्या गोळाफेकीचंच बोललो. नऊ वाजले तसा दादानं पिशवीतून औषधाच्या गोळ्यांची डबी काढली आणि पाण्याची बाटली माझ्या हातात दिली, "धर." एकेक करून सात गोळ्या घेतल्या. तीन वर्षांत मी त्याला गोळ्या घेताना पाहिलं नव्हतं. मी यायचो तेव्हा ती वेळ टाळूनच यायचो.

मी म्हटलं, "दादा, मी भ्यालो होतो."

तो म्हणाला, "वाचलं मी. दोनदा वाचलं." मग बाटली परत घेतली, झाकण लावलं. "मी बी भ्यालो होतो गा. तू एकटाच होता का?"

त्यानं बाटली पिशवीत ठेवली. म्हणाला, "मंगळवारी माही तपासणी हाय धंतोलीले. येतो का?"

मी हो म्हणालो.

"अन् तुह्या वहिनीची बी राहिली हाय. देणाऱ्याची दरसाल करा लागते म्हणून डॉक्टरनं सांगितलं होतं. पहिल्या वर्षी केली, मंग दोन वर्षं गेलीच नाही. मी म्हणतो त ऐकत नाही, अंगणवाडी कोण पाहीन म्हणते. तू सांग तिले."

मी म्हटलं, "दादा, मी कोणत्या तोंडानं सांगू त्यांना?"

तो म्हणाला, "ज्या तोंडानं खोटं बोलला, त्याच तोंडानं सांग."

म्हणून सांगतो आहे, वहिनी. तुमच्याकडे एकच किडनी आहे आणि तुम्ही ती दोन वर्षं तपासलेली नाही. मी आज दुपारी धंतोलीला जाऊन तुमचं नाव लिहून आलो. त्या व्हरांड्यात मी २०२२ नंतर पहिल्यांदा गेलो. मंगळवारी दादासोबत सकाळच्या पहिल्या बसनं या. रक्त देईपर्यंत काही खाऊ नका, डबा रीना करून देणार आहे. अंगणवाडीत एक दिवस मदतनीस बाई पाहतील, मी खुशीकडून त्यांना विचारून घेतलं आहे. तुमचा राग आहे तसा असू द्या, सोबत घेऊन या.

आठ वाजता मी बसस्टँडवर उभा आहे.

मोहित